गणरायाचे इरले

आपल्या सणांनी आपापले ऋतू मोठ्या शहाणपणाने निवडलेले आहेत. संक्रांत थंडीत येते म्हणून तिळाची उष्णता बरी वाटते. होळी उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर येते म्हणून अंगावर पडलेल्या पाण्याचे कोणाला काही वाटत नाही. आणि दिवाळी तर पाऊस सरून नवे भात घरात येऊ लागले, की मन आपोआपच प्रसन्न असते अशा वेळी येते. गणपतीच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वजांनी थोडी गंमत करून ठेवली आहे. देव मातीचा, आणि त्याच्या आगमनाची वेळ भाद्रपदाची! जी माती पाण्यात घातली की काही तासांत विरघळते, तीच माती ऐन पावसाळ्यात रंगवायची, नटवायची आणि डोंगरघाट ओलांडून घरोघर पोचवायची, असा हा मामला आहे. शेवटी तिला पाण्याच्याच स्वाधीन करायचे असते हे खरे. परंतु ते वाजतगाजत, आरती करून, दहीपोह्यांची शिदोरी बरोबर देऊन. त्याआधीच पाण्याने वाटेत गाठले तर त्याला कोणी विसर्जन म्हणत नाही, नुकसान म्हणतात.

यंदाच्या श्रावणात हे नुकसान टाळण्याच्या एका खटपटीत मीही सामील झालो होतो. खटपट होती एका पिकअप गाडीसाठी ताडपत्री निवडण्याची. मराठीच्या प्राध्यापकाने अलंकार आणि वृत्ते सोडून ताडपत्रीच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण खरे सांगतो, त्या चार दिवसांत मला जे शब्द भेटले ते वर्षभर वर्गात भेटत नाहीत; आणि पुणे ते पेण हा रस्ता, जो मी आजवर गाडीच्या काचेतून नुसता पाहिला होता, तो प्रथमच मला समजला.

माझा धाकटा मावसभाऊ एका कारखान्यात नोकरीला होता. २०२० साली तो कारखाना बंद पडला, आणि चाळिशीच्या अलीकडेच गृहस्थ घरी बसला. त्याने पडेल ते काम केले. त्यातले एक काम असे, की श्रावणात पेणहून गणपतीच्या मूर्ती आणायच्या आणि आमच्या भागात मांडव घालून विकायच्या. सुरुवातीची वर्षे गाडी भाड्याची असे. गेल्या वर्षी भाड्याच्या गाडीवरचे आच्छादन घाटात दगा देऊन गेले आणि सात मूर्ती रंग उतरून आल्या. मूर्तीचा व्यापार हा इतर व्यापारासारखा नव्हे. कापड भिजले तर वाळवून कमी भावात विकता येते. आंबा डागाळला तर त्याचा आमरस होतो. पण रंग ओघळलेला गणपती कोणी 'थोड्या कमी किमतीत' मागत नाही. त्या सात मूर्तींत त्याचा बहुतेक सारा नफा वाहून गेला. यंदा त्याने मावशीच्या दोन बांगड्या मोडून आणि उरलेले कर्ज काढून एक जुनी पिकअप विकत घेतली, आणि मला म्हणाला, "दादा, गाडी माझी झाली. आता तिच्या डोक्यावर काय घालायचं ते ठरवायला चल."

येथे जरा गाडीविषयी सांगायला हवे. मालाच्या लहान गाडीला आपल्याकडे सरसकट 'टेम्पो' म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. हे नाव आले बजाज टेम्पो या कंपनीच्या तीनचाकी गाडीवरून. १९५८ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीने २००५ साली आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले. पण लोकांच्या तोंडचे नाव काही बदलले नाही. त्याच २००५ साली टाटांची एस नावाची छोटी गाडी आली आणि लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. गजाननाला वाहून नेणाऱ्या गाडीला याहून चांगले नाव कोणत्या कवीला सुचले असते? पिकअप ही या छोट्या हत्तीची थोरली भावंड. पुढे माणसांसाठी केबिन, मागे मालासाठी उघडी जागा, आणि त्या जागेला शब्द आहे 'हौदा'! हत्तीच्या पाठीवरची बैठकही हौदाच. राजेरजवाडे गेले, हत्ती गेले. हौदा मात्र मोटारीच्या मागे जाऊन बसला. हौद्याला मागे जे उघडझाप करणारे फळ्यांचे किंवा पत्र्याचे दार असते तो 'फाळका'. आमच्या गाडीचा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद होता, आणि त्याच्यावर आभाळाखेरीज काही नव्हते.

पूर्वी हा प्रश्न फार सोप्या रीतीने सुटत असे. कोकणात मूर्ती डोक्यावरून आणीत. पायवाट, शेताचा बांध, मध्ये एखादा वहाळ, आणि पावसाची सर आली तर वर इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर झाडाची पाने दाटून बसवलेले हे इरले ज्याने पाहिले नसेल त्याने एकदा भातलावणीच्या दिवसांत कोकणात जावे. अजून एखादे दिसते. इरल्याची खुबी अशी, की ते अंगाला चिकटत नाही. पाठीवर कमान करून उभे राहते. पाणी पानावरून घसरून जाते आणि आत वारा खेळतो. ही खुबी मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती कामास येणार आहे.

ताडपत्री घ्यायला आम्ही रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. पुण्यात दोर, पत्रा, साखळी, कढई, कुलूप असे काहीही हवे असले तरी माणसाचे पाय तिकडेच वळतात. दुकानाच्या पायरीवर बसलेले शेठ सत्तरीचे असावेत. त्यांनी काही विचारण्याआधीच नोकराने आमच्यासमोर एकेक घडी उलगडायला सुरुवात केली, आणि मला कळून आले, की ताडपत्री ही एक वस्तू नसून एक मोठे कुटुंब आहे.

पहिली होती ती सर्वांच्या ओळखीची निळी आणि पिवळी. प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या सुतासारख्या विणून तिच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचाच पातळ थर दिलेला असतो. ती हलकी, स्वस्त आणि पाण्याला पक्की. पण उन्हात वर्ष दोन वर्षे राहिली की तिच्यातले त्राण जाते, घडीवर ती चिरते आणि तिचे तुकडे पापुद्र्यासारखे निघू लागतात. दुसरी होती पीव्हीसीची : आत पॉलिएस्टरचे घट्ट विणलेले कापड आणि दोन्ही बाजूंनी रबरासारखा जाड लेप. ही दणकट, तिचे जोड शिवत नाहीत, तापवून चिकटवतात, त्यामुळे सुईच्या छिद्रातूनही पाणी येत नाही. लांब पल्ल्याच्या मालमोटारींवर पुष्कळदा हीच दिसते. तिसरी कॅनव्हासची : जाड सुती कापड, त्याला मेणाचा हात दिलेला, रंगाने शेवाळी, वासाने जुन्या तंबूसारखी. कोरडी असताना तिच्या धाग्यांत बारीक फटी असतात. पाणी लागले की सूत फुगते आणि त्या फटी आपोआप मिटतात. म्हणजे पाऊस आला की ही आपले दरवाजे लावून घेते आणि पाऊस गेला की उघडते!

या तिन्हींची प्रत वजनावर ठरते. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरते, हे तिचे गोत्र. आमच्या गाडीला वीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद, म्हणजे सुमारे ३० चौरस मीटर कापड लागणार होते. हा आकडा शेठनी तोंडी काढला. हौद्याच्या तळापासून कमानीची उंची पाच फूट धरली, तर रुंदीला पाच, साडेपाच आणि पुन्हा पाच. आणि लांबीला पाच, नऊ आणि पाच. वर थोडी दुमड. २०० ग्रॅमची प्लास्टिकची घेतली तर एवढ्या कापडाचे वजन सहा किलो, ५०० ग्रॅमचा कॅनव्हास घेतला तर पंधरा आणि ६०० ग्रॅमची पीव्हीसी घेतली तर अठरा किलो. "आणि कॅनव्हास भिजला की आणखी जड," शेठ म्हणाले, "दोन माणसं लागतात उतरवायला."

माझा भाऊ पीव्हीसीवर भाळला होता. सात मूर्ती गमावलेल्या माणसाला जे सगळ्यांत घट्ट ते सगळ्यांत चांगले वाटले तर त्यात नवल नाही. त्याने अमेरिकेतल्या भाच्याकडून काही छायाचित्रेही मागवून घेतली होती. तिकडे पिकअपच्या हौद्यावर सपाट झाकणे बसवतात. कोणी विनाइलची गुंडाळी करतो, कोणी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे दुमडते दार लावतो, कोणी जाड फायबरचे एकसंध झाकण बसवून त्याला कुलूप घालतो. हत्यारे, सामानाच्या पेट्या, किराणा असे सारे त्याखाली कोरडे राहते. छायाचित्रे पाहून शेठनी मान हलवली. "झाकण चांगलं आहे. पण झाकण हौद्याच्या काठाला लागतं. तुमचा माल काठाच्या वर उभा राहणार का खाली झोपणार?" गणपती काही झोपून येत नाहीत. तेव्हा तो विषय तेथेच मिटला. मग शेठनी प्रथमच विचारले, "माल कोणता म्हणालात?"

"गणपती," भाऊ म्हणाला.

"शाडूचे?"

"निम्म्याहून जास्त."

"ओले का सुके?"

हा प्रश्न ऐकून आम्ही दोघेही थबकलो. शेठ समजावून सांगू लागले. शाडूची मूर्ती वरून सुकलेली दिसते, पण पावसाळी हवेत तिच्या पोटात ओल राहते. सणाच्या तोंडावर घाईने दिलेला रंगही पुरता वाळलेला नसतो. अशी मूर्ती पीव्हीसीखाली घट्ट बंद केली, की बाहेरचे पाणी आत येत नाही आणि आतली वाफ बाहेर जात नाही. पेणच्या उकाड्यात गाडी भरली आणि घाटात गार पाऊस लागला, म्हणजे ताडपत्री थंड पडते आणि आतल्या वाफेचे तिच्या खालच्या अंगाला थेंब धरतात. भातावरच्या झाकणासारखे! "मग वरून एक थेंब आला नाही तरी माल भिजतो. गिऱ्हाईक येऊन मला म्हणतं, शेठ, ताडपत्री गळली. ताडपत्री गळत नाही, साहेब. ताडपत्रीला घाम येतो."

मला हे वाक्य फार आवडले. भावाला मात्र ते आवडण्यासारखे नव्हते. कारण गेल्या वर्षीच्या सातांपैकी काही मूर्ती हौद्याच्या मधोमध, सर्वांत सुरक्षित जागी ठेवलेल्या होत्या, आणि त्या कशा भिजल्या याचा उलगडा त्याला वर्षभर झाला नव्हता. तो बराच वेळ गप्प बसून राहिला. मग म्हणाला, "कॅनव्हास दाखवा."

कॅनव्हास निवडण्याचीही एक रीत आहे. शेठनी तो उजेडासमोर धरून टाचणीएवढे भोक कोठे चमकते का ते पाहायला लावले; शिवण दुहेरी आहे की एकेरी ते दाखवले; काठाच्या दुमडीत दोर ओवलेला आहे आणि काठाच्या कड्या पितळेच्या आहेत, याची खात्री करून दिली, कारण लोखंडी कडी गंजते आणि गंज कापड खातो. मग एक तुकडा चौघांनी झोळीसारखा धरून त्यात बादलीभर पाणी ओतले. खालून थेंबही आला नाही. तेवढ्यात शेठनी खालून त्या कापडाला नुसते बोट टेकवले, आणि बोटाशेजारून पाण्याची बारीक धार खाली उतरली! "एवढंच सांभाळायचं," ते म्हणाले. "हे कापड पाणी अडवतं, पण आतून त्याला कोणी शिवायचं नाही. मधे कमानी पाहिजेत. कापड आणि देव, दोघांत वीतभर अंतर ठेवा."

आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम इरले उभे राहिले.

घरी येऊन मी कोश काढून बसलो. इंग्रजी 'टारपॉलिन' हा शब्द डांबर आणि आच्छादन या दोन शब्दांच्या जोडीतून आला असावा, असे कोशकार सांगतात. जुने खलाशी डांबर लावलेले जाड कापड वापरीत, त्याची ती आठवण. हिंदीने त्याचेच 'तिरपाल' केले. आपल्या शब्दात मात्र ताड आहे आणि पत्र, म्हणजे पान, आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या झावळ्या आणि पाने घालून घरे शाकारली, त्यांनी नव्या कापडातही पान पाहिले. हीच ताडपत्री घाटावरच्या शेतकऱ्याने खळ्यात अंथरली की ती तळवट होते. वस्तू एक, पण डोक्यावर असली तर एक नाव आणि पायाखाली असली तर दुसरे.

कमानींसाठी बुरुडाकडून ओले बांबू आणून ते वाकवले आणि हौद्याच्या कडेच्या खाचांत सहा कमानी उभ्या केल्या. १७ ऑगस्टच्या रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही पुण्यातून निघालो. चतुर्थी २७ तारखेला होती. दहीहंडी आदल्याच दिवशी झालेली. रस्त्यात जागोजाग तुटलेल्या माळा आणि फुगे भिजून पडले होते.

पुणे आणि पेण यांत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण पावसाच्या हिशेबाने पाहिले तर ही तीन वेगळी राज्ये आहेत. पुण्यात वर्षाकाठी पाऊण मीटरच्या आसपास पाऊस पडतो. साठ-सत्तर किलोमीटर पश्चिमेला लोणावळ्यात तोच चार मीटरच्या पुढे जातो. आणि घाट उतरले की कोकणचा तो दमट, उबदार, थांबून थांबून कोसळणारा पाऊस. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० साली खुला झाला आणि आगगाडी १८६३ साली. द्रुतगती मार्ग तर कालपरवा, २००२ मध्ये पुरा झाला. घाट चढण्याचे कष्ट कमी झाले. घाटातला पाऊस मात्र १८३० सालचाच आहे. खंडाळ्याला आम्ही पोचलो तेव्हा पुढच्या गाडीचा फक्त तांबडा दिवा दिसत होता. रिकाम्या हौद्यात पाणी कसे येते हे पाहायला भावाने मुद्दाम ताडपत्री बांधून आणली होती. खोपोलीला थांबून त्याने फाळका उघडला आणि म्हणाला, "दादा, हे बघ!" वरचे कापड कोरडे होते. ओला होता तो तळ. चाकांनी उडवलेले पाणी फाळक्याच्या फटीतून आणि तळाच्या सांध्यांतून वर आले होते. पाऊस वरून पडतो ही घरात बसणाऱ्यांची समजूत. धावत्या गाडीला तो समोरून लागतो, बाजूंनी लागतो आणि खालूनही लागतो.

खोपोलीहून पेणकडे जाणारा रस्ता श्रावणात पाहावा. दोहों बाजूंना भातखाचरे, मधूनच बांधावर एकटा ताड. पेण हे गाव तसे पापडांचे आणि आसपासच्या मिठागरांचे. पण श्रावणात गावात शिरले की दुसरे काही दिसतच नाही. घराच्या ओटीवर गणपती, पडवीत गणपती, गल्लीत फळीवर गणपती. हमरापूर आणि जोहे या शेजारच्या गावांतही तेच. येथल्या मूर्ती उन्हाळ्यातच पेट्यांत बसून आगबोटीने परदेशी रवाना होतात. देशातल्या भक्तांचा क्रम पावसाळ्यात लागतो. शाडू गुजरातेतून येतो. माती मळून साच्यात दाबतात, जोड लिंपतात, ओल्या हाताने अंग गुळगुळीत करतात, सावलीत सुकवतात आणि मग रंग. सर्वांत शेवटी 'आखणी' : म्हणजे डोळे. एका कारखान्यात एक बाई खाली मान घालून आखणी करीत होत्या. एका मूर्तीला दोन मिनिटेसुद्धा लागत नव्हती. पण त्या दोन मिनिटांत माती आपल्याकडे पाहू लागे. अशी मूर्ती पुसली गेली की नुकसान नुसते पैशाचे होत नाही, हे मला तेथे उभे असताना कळले.

मालकांनी सांगितले, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तींविषयी नवी नियमावली काढल्यापासून शाडूला मागणी वाढली आहे. प्लास्टरची मूर्ती हलकी आणि पाण्याला दाद न देणारी. नदीतळ्यांची तक्रार तीच. शाडूची मूर्ती पाण्यात चटकन मिसळून जाते. पण जी विसर्जनाला सोपी तीच वाहतुकीला अवघड! पाण्याशी जिचे सख्य, तिला पाण्यापासून राखणे आले.

बेचाळीस मूर्ती भरायला तीन तास लागले. आधी तळाला प्लास्टिकची जुनी ताडपत्री अंथरून तिच्या कडा वीतभर वर दुमडल्या, म्हणजे खालचे पाणी खालीच राहील. त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पेंढा. मोठ्या मूर्ती केबिनच्या पाठीला टेकून, लहान मागे. दोन मूर्तींच्या मधे पेंढ्याच्या उशा. प्रत्येकीच्या अंगावर जुन्या धोतराचा, लुगड्याचा धुवट तुकडा. त्यासाठी मावशीने माळ्यावरचे एक गाठोडेच मोकळे केले होते. घरी गणपती आणताना त्याचे मुख रुमालाने झाकतात; येथे बेचाळीस जण एकदम मुख झाकून बसले आणि हौदा एखाद्या लग्नघरासारखा दिसू लागला. मग कमानी, आणि कमानींवर कॅनव्हास. पुढची कड केबिनच्या टपावर हातभर पुढे आणून खाली बांधली, कारण वारा शिरतो तो तेथूनच. मागे कापडाचे दोन पदर एकमेकांवर घेऊन बंद केले; मागची बाजू उघडी ठेवली तर धावत्या गाडीमागे जी पोकळी होते ती पाणी आणि चिखल आत ओढते. फक्त दोन्ही कुशींना, वळचणीच्या आत, चार बोटे जागा मोकळी ठेवली. पेणच्या एका म्हाताऱ्या हमालाने गाठी मारल्या. तो भावाला म्हणाला, "नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, दादा. खोपोलीला थांबायचं, गाठी बघायच्या, मग घाट चढायचा. सुती दोर असता तर उलटा भिजून आवळला असता." या माणसाने शाळा किती पाहिली असेल कोण जाणे, पण कोणता दोर पाण्यात रुसतो आणि कोणता फुगतो हे त्याला पाठ होते.

दुपारी दोनला निघालो. ज्यांना त्या आठवड्याची आठवण असेल त्यांना पुढचे सांगायला नको. १८ आणि १९ तारखेला मुंबईची जी दैना झाली तिची पूर्वतयारी आभाळात चाललेली होती. खोपोलीला दोऱ्या तपासल्या. खरेच दोन बोटे सैल झाल्या होत्या. घाटाला लागलो आणि पावसाने जणू रस्ताच पुसून टाकला. भाऊ काही बोलत नव्हता. त्याचे लक्ष रस्त्याकडे असे आणि कान मागे. ताडपत्री फडफडते तेव्हा एक आवाज येतो. तो आवाज येत नव्हता हेच काय ते बरे. मी बोलण्यासाठी म्हणून काही बोलू गेलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मागे दोन बांगड्या आहेत, दादा." त्यानंतर लोणावळ्यापर्यंत मीही गप्प बसलो.

संध्याकाळी मांडवात पोचलो. पुण्यात भुरभुर होती. मावशी आणि भावाची बायको कंदील लावल्यासारखे दिवे लावून वाट पाहत उभ्या होत्या. कॅनव्हास सोडला, तो एवढा जड झाला होता की चौघे लागले. आत हात घातला. पेंढा कोरडा. धोतरे किंचित दमट, म्हणजे वाफ आली ती त्यांनी टिपून घेतली होती. एकेक मूर्ती उतरू लागली आणि एकेक फडका निघू लागला : चाळीस, एकेचाळीस. बेचाळिसावी मूर्ती मागच्या कोपऱ्यातली, दीड फुटाची. तेथली कमान घाटात थोडी कलली होती. मुकुटाचे टोक कापडाला टेकले होते, आणि शेठच्या बोटाने जे केले तेच त्या मुकुटाने केले. पाण्याची एक रेघ मुकुटावरून कानामागे उतरून खांद्यावरच्या शेल्यात जिरली होती. शेल्याचा तांबडा रंग दंडावर उतरला होता. डोळे मात्र जसेच्या तसे.

भाऊ ती मूर्ती हातात घेऊन उभा राहिला. बेचाळीसात एक, म्हणजे गेल्या वर्षीच्या मानाने काहीच नाही. पण तो ते मोजत नव्हता. मावशी पुढे आली. तिने पदराने तो दंड हळूच टिपला आणि म्हणाली, "भंगली नाही रे. भिजली आहे. एवढ्या पावसातून आलेल्याला कोणी दारातून परत पाठवतं का? हा आपल्या घरचा." आणि मूर्ती घेऊन ती घराकडे चालू लागली.

बाकीच्या एकेचाळीस मूर्ती चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत गेल्या. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. नंतरच्या पहिल्या उघडिपीला भावाने कॅनव्हास गच्चीवर पसरला. तीन दिवस त्याला ऊन दाखवले, आणि काडीइतकीही ओल उरली नाही अशी खात्री झाल्यावरच घडी घातली. ओला मिटला तर सुती कापडाला बुरशी धरते. दसऱ्याला त्याच गाडीने त्याच कापडाखाली झेंडू आणला. प्लास्टिकखाली झेंडू तापतो आणि काळा पडतो; हा ताजा उतरला आणि दोन तासांत संपला. मावशीच्या बांगड्यांपैकी एक परत झाली आहे. दुसरी पुढच्या भाद्रपदात होईल, असे भाऊ म्हणतो. त्यासाठी त्याने कमानी आताच बदलल्या आहेत. मागच्या दोन कमानींना आडवी पट्टी मारली आहे आणि उंची वीतभर वाढवली आहे.